बोट ठेवायला जागा

"थांबा. पिकोलोचा सूर उतरलाय."

सगळी वाद्यं गप्प झाली. पुढच्या रांगेतल्या चेलोवाल्यानं मागे वळून बघितलं. तो वळला म्हणजे सगळे वळतात.

पिकोलो म्हणजे फ्लूटचं पिल्लू. फूटपट्टीएवढं, पण गळा असा की चुकीला आडोसा नाही. फ्लूटवर फुंकर सैल पडली तर शेजारचं वाद्य झाकून नेतं. पिकोलोची चूक गच्चीवर उभी राहून ओरडते.

"पुन्हा. शेवटचा सूर."

तिनं ओठ आवळले. काकांनी शिकवलं तसं तोंड बारीक केलं. शेवटच्या सुरावर उजव्या हाताची अनामिका अलगद जास्तीची टेकवली. हे बोट कुठल्याच पुस्तकात नाही, ते काकांचं. तिच्या कानाला सूर अगदी बरोबर वाटला. वर्षानुवर्षं तो असाच तर ऐकला होता.

"आणखी खाली गेला!" संचालकांनी छडी आपटली. "बाई, कान घरी ठेवून आलात का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मात्र 'कान' या शब्दापाशीच अडकली. तो शब्द कुठून आला, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मागून घेऊ.

या खुर्चीवर आधी काका बसायचे. वय झालेलं, खांदे उतरलेले, हातात ती इवलीशी नळी. 'शिट्टीकाका' हे नाव तिनंच पाडलेलं. "काका, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा!" शेजारच्या फ्लूटच्या खुर्चीतून ती म्हणायची आणि अख्खी रांग खिदळायची. काकाही हसायचे.

मग एकदा ती तापानं घरी राहिली. तिच्या जागी बदली वादक बसला आणि भर कार्यक्रमात काकांचा शेवटचा सूर सपशेल घसरला. ती परतल्यावर संचालकांनी तिला बाजूला घेतलं. "तुम्ही रोज शेजारी बसता. काकांचे कान गेलेत का?"

तिला कधी काही खटकलं नव्हतं. पण तसं म्हणावं, तर आपलेच कान कच्चे ठरणार.

"बरेच दिवस झाले," ती म्हणाली. "मी सांभाळून घेत होते."

काकांना निरोपाचं घड्याळ मिळालं. पुढे फ्लूटला एक नवी मुलगी आली आणि संचालकांनी हिला रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथं जम बसला नाही तर तिसरी खुर्ची नव्हती. घरी सरावाला बसली की वरच्या मजल्यावरून आरोळी यायची, "तीन झाल्या हो, बंद करा आता!" आपण पेरलेलं असं जिन्यावरून खाली यायचं.

शिकायचं कोणाकडे? पिकोलोचा जाणकार त्या शहरात एकच. तिनं मान खाली घालून बेल वाजवली. काकांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. "फ्लूटमध्ये फुंकर घालतात," ते म्हणाले. "यात ओवायची. सुईत दोरा ओवतात तशी."

आता पुढे.

तालीम संपली तशी ती तडक काकांच्या घराकडे निघाली. वाटेत डोक्यात एकच शब्द. सूड. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, म्हणून हे चुकीचं बोट शिकवलं. तिला राग यायला हवा होता. पण राग यायला तोंड लागतं, आणि ते तिच्यापाशी उरलं नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. "आज तुझा वार नाही."

"काका आहेत?"

"आहेत की. शिट्टी मार, येतील."

काका ओले हात पुसत बाहेर आले. ती चपलांसकट उंबऱ्यातच उभी राहिली. "काका, मी तुमच्याबद्दल बोलले ते कळलंय ना तुम्हाला? म्हणून शिकवलंत ते बोट? त्यानं सूर उतरतो!"

"उतरणारच. उतरवायलाच ठेवायचं ते."

"पण का?"

काका बोलायला गेले आणि थांबले. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा पडला. "फ्लूटला कोण असतं हल्ली?"

"नवी मुलगी."

"शेवटचा सूर लहान करत नेताना तिचा... जागेवर राहतो?"

"राहतो."

"मग उचल ते बोट. चूक माझी, पोरी. इतक्या वर्षांची सवय, शिकवताना ध्यानातच आलं नाही."

"कसली सवय?"

"सांगा आता," आतून काकू म्हणाल्या. "पोटात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुझी फुंकर शेवटी सैल पडायची. सूर उतरायचा. थोडासाच. मी जागेवर राहिलो असतो, तर तू उघडी पडली असतीस. दोघं मिळून उतरलं की ती चूक वाटत नाही, मऊपणा वाटतो. तुझ्यावर कुणी बोट ठेवू नये, म्हणून मी ठेवायचो."

तिची अनामिका अजून वाकलेलीच होती. तिनं ती मुठीत लपवली.

"ते जाऊ दे. आत ये आधी," काका म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी निरागसपणे वर बघितलं. "पण तू काय म्हणत होतीस मघाशी? काय बोलली होतीस माझ्याबद्दल?"