नेनेकची रीत

खतीजाने दाराशी चपला काढल्या, अबाया उतरवला आणि आत पाऊल टाकताच थबकली. बाहेर मक्केच्या गल्लीत सगळा काळा रंग. इथे मोरपंखी, केशरी, डाळिंबी. बायकांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचे सैल झगे, खाली घोट्यापर्यंत नेसलेलं वस्त्र, खांद्यावर झुळझुळीत ओढणी. "बाजू कुरुंग म्हणतात," उमामा आईच्या कानाशी म्हणाली.

उमामा जेद्दाच्या शाळेत शिकवत होती. तिच्यासोबत शिकवणाऱ्या एका मलायी, म्हणजे मूळ मलेशियाकडच्या, मुलीने आपल्या भावासाठी, फैरूझसाठी, तिला मागणी घातली होती. मुलगा गुणी, लेकीच्या मनात भरलेला. पण या घरात शब्द चालायचा नेनेकचा, म्हणजे आजीचा. मुलगी रीतीला चुकली म्हणून एका नातवाची ठरत आलेली सोयरीक तिने मोडली होती.

नेनेक गालिच्यावर पाय एका बाजूला दुमडून, पाठ ताठ ठेवून बसली होती. येणारा प्रत्येक जण तिचा हात ओठांना लावी. तिच्यासमोरून जाताना फैरूझ कमरेत वाकला, उजवा हात खाली सोडून, जणू वाट मागत. एका नातीने बोटाने ताट दाखवलं. नेनेकने नुसतं पाहिलं, तशी पोरीने बोट मिटून अंगठ्याने ताट दाखवलं. कुठे चढा आवाज नाही, की भांड्याला भांडं लागणं नाही. खतीजा पाहत राहिली. एवढी अदब तिने कुठल्याच घरात पाहिली नव्हती.

फैरूझच्या आईने अरबीत सांगितलं, आम्ही सगळे इथेच जन्मलो, मलायांचा मुलूख कुणी पाहिलेला नाही. नेनेक आहे म्हणून आम्ही मलायी राहिलो.

ते ऐकून खतीजाचा उरलासुरला धीर सुटला. समोरच्याच्या हातांना दोन्ही तळवे हलकेच टेकवून मग छातीशी न्यायचे, हे लेकीने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. ऐनवेळी तिने नेनेकचा हात गच्च धरून हलवला. नेनेकच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

जागेवर येत खतीजा आपल्या कोकणातल्या, हर्णैच्या बोलीत लेकीला पुटपुटली, "म्हातारी दगडाची हाय. ही काय व्हय म्हनायची नाय."

जेवणं झाली. नेनेक मलायीत दोन शब्द बोलली आणि सगळे उठून बाहेर गेले. उमामाही गेली. खतीजाला एकटीला थांबायला सांगितलं होतं.

आता नकारच, हे तिने ओळखलं. "माझी मुलगी सगळं शिकेल," ती कशीबशी अरबीत म्हणाली.

नेनेकने एकदा दाराकडे पाहिलं. मग खतीजाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"शिकल गो बाय. मी नाय शिकले? मी पन हर्नैचीच."