सोळा हात

"मी सोळा कोअरची चिप मागितली होती. एकदा नाही, तीनदा. आणि तुम्ही ही गळ्यात मारलीत."

पेइ-श्वानने खोका काउंटरवर आपटला. छातीशी बांधलेली दोउ-दोउ दचकली आणि मग खुदकन हसली. नऊ महिन्यांच्या पोरीला आईचा राग म्हणजे खेळच.

दुकानदार आणि त्याची बायको काउंटरमागे डबा खात होते. दोघांच्या चॉपस्टिक हवेतच थांबल्या.

"कधी नेलात, ताई?"

"रविवारी. आज मास्क काढून बसलात म्हणून ओळखणार नाही असं वाटलं का?"

मेट्रोत तासभर ती हे भांडण मनात घोळवत आली होती. रविवारी नवऱ्याबरोबर या कॉम्प्युटर-बाजाराच्या सरकत्या जिन्याने चढली होती. आज बाळ, डायपरची पिशवी, खोका असा सगळा संसार घेऊन लिफ्टमध्ये शिरली. दोउ-दोउने बटणांवर पटापट हात मारले, पेइ-श्वान ते हात पुसत राहिली आणि दार उघडलं तशी मजल्याचा आकडा न बघताच बाहेर पडली. कोपऱ्यावरून डावीकडे दुसरं दुकान. काचेमागे रंगीत दिव्यांचं मशीन आणि त्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांची हिरवी पिशवी, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेली. रविवारीही दोउ-दोउ त्या पिशवीकडेच झेपावली होती.

आत्ताही झेपावली.

"अगं अगं, ती नको फोडूस!" दुकानदारीण उठली. "मशीन रुसेल."

"आमच्याही मशीनवर आहे पिशवी," पेइ-श्वान म्हणाली. "मशीन रुसलेलं नाही. मी रुसलेय."

दुकानदाराने रुमालाने तोंड पुसलं. "पावती आहे?"

"नवऱ्याच्या फोनात. त्याचाच नंबर घेतलात ना तुम्ही? पैसे माझे, काम माझं, मशीन माझं. पण तुम्ही विचारलंत त्याला, 'साहेब, कोणते गेम खेळता?' तो बिचारा दातांच्या कवळ्या बनवतो. आयुष्यात पत्तेसुद्धा खेळलेला नाही!"

"मी तुमच्याशी बोललोच नाही?"

"बोललात की. 'ताई, बसा.' स्टूल दिलंत. पोरीला खेळायला फुगा दिलात. मी म्हटलं, मला ॲनिमेशन करायचंय. तर नवऱ्याकडे बघून हसलात."

दुकानदारीण काहीतरी बोलणार होती. त्याने हात वर केला. "तू जेव. गार होतंय."

बायकोला गप्प करतोय, पेइ-श्वानच्या मनात आलं. घरीही हेच.

"काम कसलं आहे?" त्याने विचारलं.

तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. वादळात सापडलेली मासेमारी होडी, उसळतं पाणी. "मुलांच्या वाहिनीसाठी नव्वद सेकंद. पाण्याचा थेंबन्‌थेंब मशीनने रंगवायचा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचंय. तुमच्या या चिपवर काल लावलं तर दाखवतंय, शुक्रवार रात्री दहा. बाळंतपणानंतरचं पहिलं काम आहे. उशीर झाला तर ते दुसऱ्याला देतील, आणि वर म्हणतील, जाऊ दे, बाई बाळात अडकलीय."

"ही चिप वाईट नाही हो."

"मी कुठे वाईट म्हणतेय? गेमवाल्याला सोन्यासारखी आहे. लागेल ते सामान हाताशी घेऊन बसते, पटकन उचलते. पण कोअर, म्हणजे हात, आठच. माझ्या कामाला सामान नको, हात हवेत. सोळा." तिने दोउ-दोउच्या मुठीतून आपले केस सोडवले. "हातांचं महत्त्व मला नका शिकवू."

दुकानदारीण फस्सकन हसली.

"आणि उघडलेला खोका बदलत नाही हे ऐकवू नका. तो पाटीवरचा नियम मलाही वाचता येतो. खोका नवऱ्याने उघडला, मशीन त्याने जोडलं. त्याला वाटलं, दुकानदार शहाणा असेल."

दुकानदाराने चिप भिंगाखाली धरली. उलटसुलट पाहिली. एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग मागच्या फळीवरून नवा सीलबंद खोका काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"सोळा कोअर. तुमच्या मदरबोर्डवर बसेल. ही जुनी मी एखाद्या गेमवाल्याच्या मशीनमध्ये घालेन. किमतीतला वरचा फरक नको."

पेइ-श्वानच्या तोंडात पुढची चार वाक्यं तयार होती. ती तशीच राहिली.

"चूक झाली, ताई," तो उभा राहिला आणि चांगला कंबरेतून वाकला. "गिऱ्हाईक कोण ते बघायला हवं होतं."

"घ्या हो," दुकानदारीण म्हणाली. "यांना बायकांचं ऐकायची सवय नव्हती. मी लावलीय, वीस वर्षं घासून."

पेइ-श्वानने खोका पिशवीत कोंबला. आभार मानले नाहीत. आपल्या हक्काचं मिळालं तर आभार कसले?

चारच्या आत तिने स्वतःच्या हाताने चिप बसवली. दोउ-दोउ पाळण्यात ओरडत होती, तरी स्क्रू एकही पडू दिला नाही. पडद्यावर वेळ उमटली: शुक्रवार, पहाटे सहा. पेइ-श्वान खुर्चीत बसली आणि तिला एकदम रडू आलं.

संध्याकाळी नवरा, च्येन-हुंग, नूडल्स घेऊन आला. तिने त्याला दारातच गाठलं.

"भांडावं लागतं, समजलं? नुसतं मान डोलावून काही मिळत नाही. वाकून माफी मागितली त्याने, कंबरेतून!"

च्येन-हुंग बूट काढता काढता थांबला.

"कुणी?"

"कुणी म्हणजे? तुझ्या त्या साहेब-साहेब करणाऱ्या दुकानदाराने."

"त्याचा आत्ताच फोन आला होता मला," तो चाचरत म्हणाला. "म्हणाला, तुमची बायको येणार होती ना, दिवसभर आलीच नाही. बरंच झालं म्हणे, उघडलेला खोका तो बदलून देणारच नव्हता."