खडू कुणाच्या हातात

खडू ओलसर लागला आणि बाईंना शिसारी आली. क्लासचे मालक, म्हणजे सर, तो इतका वेळ घामट मुठीत घोळवत होते. आता पालकांसमोर हसत हसत त्यांनी तो बाईंच्या हातात दिला आणि कानाशी येऊन, सिगरेटचा शिळा वास सोडत म्हणाले, "पालकांसमोरचं आजचं प्रात्यक्षिक नीट पार पाडा. उद्यापासून तुम्ही कायम."

बाईंना कायम व्हायचंच होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. म्हणून तर त्या इथे नाक दाबून टिकल्या होत्या.

सुरुवातीला त्यांनी मुलांना इंग्रजी व्याकरण खरंच शिकवायला घेतलं होतं. कर्ता आणि क्रियापद म्हणजे नवरा-बायको, दोघं घरात असतील तर क्लॉज. नुसतंच सामान पडलेलं असेल तर फ्रेज. मुलं हसली होती, दोन-चार जणांना कळलंही होतं. तेवढ्यात सरांनी बाईंना बाहेर बोलावलं.

"एवढं डोकं पिकवायचं नाही, बाई. क्लॉज असेल तर खडू उजव्या हातात घ्यायचा, फ्रेज असेल तर डाव्या. पोरं बघून लिहितात."

तेव्हापासून रोज तेच. मुलांना लांब लांब बसवायचं. त्यांनी वाक्य वाचायचंच नाही, मान खाली ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून हात तेवढा बघायचा. कुणी मान वर केलीच तर सर पाठीत धपाटा घालत. बाईंना सरांची किळस यायची, आणि घरी जेवायला बसलं की स्वतःच्या हातांचीही.

पालकांत पुढेच एक आई बसली होती. ती दवाखान्यात फरशी पुसायची. अंगाला फिनेलचा वास होता, कामावरून तशीच आली असावी. आत येतानाच तिने बाईंचे हात धरले होते. "माझ्या पोरीचं सगळं तुमच्यावर आहे हो." पोटाला चिमटा घेऊन ही आई फी भरते आणि हा माणूस तिच्या डोळ्यांत धूळ फेकतो, हे बाईंच्या डोक्यातून जाईना.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बिहाइंड द डोअर'. खडू डाव्या हातात घेतला. मुलांनी खाली मानेने लिहिलं आणि पाट्या वर केल्या. एकजात सगळ्यांवर फ्रेज. पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आईने तर जरा जास्तच वाजवल्या, आणि डोळे पुसले.

बाईंनी दुसरं लिहिलं, 'व्हेन द डोअर ओपन्ड'. मग खडू टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

एकही पाटी वर झाली नाही. मुलं टेबलावरच्या खडूकडे बघत राहिली, मग एकमेकांकडे. त्या आईची पोर पेन्सिल चावायला लागली. मागून सर खोकले. मग पुन्हा खोकले.

"यांना यातलं काही येत नाही," बाई पालकांना म्हणाल्या. "माझा हात बघून लिहितात ती. तुम्हाला फसवलंय. पुढे शाळेच्या परीक्षेत यांच्यासमोर खडू धरून कोण उभं राहणार आहे?"

नोकरी गेली, हे त्यांना बोलतानाच कळलं होतं. तरी मोकळं वाटलं. आता कुणीतरी उठेल, सरांना जाब विचारेल, म्हणून त्या थांबल्या. कुणी उठलं नाही. एका बापाने घड्याळात बघून जांभई दिली.

शेवटी ती आई उठली. तिने टेबलावरचा खडू उचलला, बाईंचा हात ओढून त्यात ठेवला आणि त्यांची बोटं वरून मिटली.

"शाळेतही सरच असतात की वर्गावर परीक्षेला," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तोवर पोरांना सवय नको का व्हायला?"