सोळा घोड्यांची पेटी

पेटी अंगणात आली तेव्हा लोबेक दारातल्या बाकावर बसले होते, आणि उठायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. मूळ धंदा लोकरीचा. पण लाइपझिगपासून थेट ड्रेस्डेनपर्यंत रेल्वे न्यायचं खूळ ज्या व्यापाऱ्यांनी डोक्यात घेतलं, त्यांतले हे एक. चार वर्षं शेतकऱ्यांच्या विनवण्या केल्या, सरकारदरबारी खेटे घातले, बैठकांवर बैठका झाल्या. माणूस पार पिळून निघाला होता.

"आणली बरं का मालक!" काश्पर हेनिशनं गाडीवरून खाली उडी टाकली. धिप्पाड गडी, गुडघ्यापर्यंत चिखल. या रेल्वे कंपनीचा सगळा माल याच्याच घोडागाड्यांवरून यायचा. "इंग्रजांनी अख्खं चर्च बांधून पाठवलंय की काय? सोळा घोडे जुंपले तेव्हा कुठं चढ चढली!"

"इंजिनाचा बंब आहे तो," लोबेक म्हणाले. "बाकीचे भाग?"

"अकरा पेट्या नदीच्या धक्क्यावर पडल्यात. आठवड्यात आणतो." कुणीतरी दिलेली आंबट बिअर त्यानं घटाघटा संपवली, मिशा पुसल्या आणि टोपी काढून समोर उभा राहिला. "मालक, एक विचारायचं होतं. उद्या हॉलेला घोड्यांचा बाजार आहे. आठ घोडे घ्यायचे म्हणतो. मळा विकून टाकला. बायको दोन दिवस बोलत नाहीये. पण तुमच्या रेल्वेनं चार वर्षांत जेवढं काम दिलं ना, तेवढं माझ्या बापानं उभ्या जन्मात पाहिलं नाही. दगड काय, ओंडके काय, रूळ काय! गाडी सुरू झाल्यावर तर विचारायलाच नको. घेऊ ना?"

सकाळच्याच बैठकीत ठरलं होतं, गाडीवाल्यांच्या कानावर इतक्यात काही घालायचं नाही. ते बिथरले तर पेट्या आणणार कोण? सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. लोबेकांनीही डोलावली होती. आता त्यांना काश्परकडे वर बघायची लाज वाटली.

"नको घेऊस," ते म्हणाले. "रूळ पुरे झाले की तुझं काम संपलं, काश्पर. माणसं, लोकर, कोळसा, सगळं हे इंजिनच ओढून नेणार. ड्रेस्डेनच्या रस्त्यावर घोडागाडीला कुणी विचारणार नाही."

काश्परनं त्यांच्याकडे बघितलं. मग पेटीकडे बघितलं. आणि पोट धरधरून हसायला लागला.

"काय हो मालक, गरिबाची थट्टा करता! अहो, हिला इथवर आणताना माझ्या सोळा घोड्यांच्या तोंडाला फेस आला. ही कुणाला ओढणार, कपाळ? उलट हिलाच रोज ड्रेस्डेनपर्यंत ओढत न्यावं लागेल आम्हाला! आठ कुठले, बाराच घेतो."

हात धरून त्याला शेजारी बसवता आलं असतं. पाणी, वाफ, चाकं, सगळं समजावता आलं असतं. काश्पर काही खुळा नव्हता, अर्ध्या तासात त्याला पटलं असतं. पण आणखी एका माणसाला पटवायचं या विचारानंच लोबेकांना शीण आला. आणि त्या अकरा पेट्या अजून धक्क्यावरच होत्या. आपण तर खरं सांगितलं, आता त्याचं तो बघेल, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्यांना चक्क बरं वाटलं.

"निघू मग?" काश्परनं टोपी डोक्यावर चढवली.

"पहाटे लवकर नीघ," लोबेक म्हणाले. "उशीर केलास तर चांगली जनावरं हातची जातात."