हिरव्या काठाची पोती

प्रेमदासनं क्रेडिट कार्डावरचे पैसे मोबाईलवरूनच बँकेच्या खात्यात वळते केले, व्याजाचा हिशेब पानटपरीवर उभ्याउभ्या तोंडी उरकला आणि दोन दिवसांनी हिंगोलीच्या मोंढ्यात दलालाकडून हळद घेऊन टाकली. दिवाळीत भाव चढला की हळद विकायची, कार्ड फेडायचं आणि उरलेला नफा बायकोच्या, शिलाच्या हातावर ठेवायचा, असा बेत होता. तोवर तिला चकार शब्द सांगायचा नव्हता.

पण पोती ठेवायला घराशिवाय जागा कुठं होती? संध्याकाळी टेम्पो दारात आला.

"भाव चढायच्या टायमाला हळद विकणारा कोण येडा असंल?" पोती उतरवून घेताना प्रेमदास खुशीत म्हणाला.

पोत्याच्या तोंडाला शिवलेला साडीचा हिरवा काठ शिलानं बोटानं चाचपून पाहिला, मग दुसऱ्या पोत्याचा, मग तिसऱ्याचा.



"येडी मीच. तुमच्या मोबाईलवर कार्डाचा मेसेज पाह्यला, वाटलं तुमी अडचणीत आहात अन् सांगायला लाजून राहिले. म्हून आईनं माहेरी माझ्यासाठी ठेवलेली हीच हळद कालच मोंढ्यात विकून आले."