खालचा मजला

जयनगरच्या छापखान्यात वरच्या मजल्यावर हणमंतराव मजकूर जुळवायचे आणि खाली त्यांचा धाकटा भाऊ परशुराम तो छापायचा. सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. काम तेवढं केबलमधून खाली जायचं. आता इंटरनेट आलं, म्हणून कानडी बोलणारी रूपश्री फायरवॉल बसवायला आली होती.

"अण्णा, ही बाहेरच्यांना अडवते. आतल्यांना मात्र सगळ्या फायली दिसतात. खालचा कॉम्प्युटर कुठे धरू?"

"बाहेर," हणमंतराव म्हणाले. लेकीची लग्नपत्रिका आधी आपल्याकडे काढून घ्यावी म्हणून त्यांनी ती फाईल उघडायला घेतली, तर उघडेना.

"खाली कुणीतरी उघडलीय. स्वल्प थांबा, अण्णा."

पत्रिकेत परशुरामाचं नावच नव्हतं.

पाऊण तासाने फाईल सुटली. मजकुराला धक्काही लागला नव्हता. फक्त चारी बाजूंनी वडिलांनी लाकडी ठशात कोरलेली वेल स्कॅन होऊन उमटली होती. तो ठसा वाटणीत परशुरामाकडे गेला होता, आणि घरच्या लग्नाशिवाय तो कधी निघत नसे.

हणमंतराव बघतच राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं, आणि भाऊ जणू दाराला तोरण बांधून गेला होता.

"सरी, बरं अण्णा, करू बाहेर?"

"थांब." त्यांनी निमंत्रकांत परशुरामाचं नाव घातलं, फाईल बंद केली, आणि ती खालून पुन्हा कधी उघडते याची वाट बघत बसले.