चार्जर कोणाचा

“बॅटरी नवीकोरी आहे साहेब. चार दिवसांपूर्वी याच हातांनी बसवली,” असं म्हणत दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पालथा घातला.

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तोही गिऱ्हाइकांना ‘पेशंट ठेवून जा’ असंच सांगायचा.

“पण चार्ज होत नाही ना! कॅमेरा सुरू केला की पाच मिनिटांत मान टाकतो,” साहेब म्हणाला.

त्याला साहेब म्हणणारा आता हा डॉक्टर एकटाच उरला होता. सहा महिन्यांपूर्वी कंपनीने एका सकाळी वीस जणांच्या हातात नारळ दिला, त्यात तो होता. घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दिवस गेले. रोज नऊला तो बायकोबरोबरच बाहेर पडायचा. कोपऱ्यावर ती डावीकडे वळायची, तो उजवीकडे. वाचनालयात खिडकीजवळचं टेबल ठरलेलं होतं. सुरुवातीला दार वाजलं की तो दचकून वर बघायचा. आता मानही वर करत नसे. ‘आज कामाचा फार ताप होता गं’ हे वाक्यसुद्धा तोंडातून आपोआप निघायचं.

आज तीन वाजता मुलाखत होती, लॅपटॉपवरच. लेखी चाचणीसकट तीन तास. सहा महिन्यांत आलेली ही दुसरीच.

डॉक्टरने स्क्रू काढले. बॅटरीची जोडणी सोडवली, फुंकर मारली, पुन्हा घट्ट बसवली. बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. लॅपटॉप सुरू झाला, पण चार्ज काही वाढेना. मग त्याने खणातून स्वतःचा चार्जर काढून लावला.

आकडा हलला. चार. पाच.

“आत्ता कळलं!” त्याने साहेबाच्या चार्जरवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. “अहो, हा तुमचा नव्हेच. तुम्हाला पासष्ट वॅटचा लागतो, हा पंचेचाळीसचा. याच्यावर लॅपटॉप कसाबसा जगतो, बॅटरीच्या वाट्याला काही येत नाही. घरात दुसरा आहे का?”

“बायकोचा.”

“मग झाली अदलाबदल! वहिनींना पत्ताही नसणार. छोटा लॅपटॉप मोठ्या चार्जरवर मजेत चालतो.”

“तुमचा चार्जर आजचा दिवस द्याल?”

“एकच आहे हो. बाकीचे पेशंट कशावर तपासू?”

साहेबाने बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. कामात असेल. तिचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं. चालता चालता त्याने थाप जुळवली: कंपनीच्या कामासाठी इकडे आलो होतो, म्हटलं जाता जाता चार्जर बदलून घ्यावा. कुठेही अडखळला नाही.

स्वागतकक्षातली मुलगी हसून म्हणाली, “बोला.”

“भाषांतर विभागातल्या ताईंना जरा खाली बोलवाल? मी त्यांचा नवरा. दोनच मिनिटांचं काम आहे.”

तिचं हसू विरलं. उचललेला रिसीव्हर तिने हळूच खाली ठेवला.

“अहो, तो विभाग तर बंद झाला,” ती आवाज उतरवून म्हणाली. “ताईंना जाऊन आता सात महिने होतील.”

तो तसाच उभा राहिला. मागून कोणीतरी “जरा सरकता का?” म्हणालं, तेव्हा सरकला. खिशात फोन वाजला.

“अरे, फोन केला होतास?” बायकोचा आवाज अगदी रोजचा होता. “ऑफिसात आहे मी. मीटिंग चालू होती. काय झालं?”

“काही नाही गं, सहज,” तो म्हणाला. “मीही ऑफिसातच आहे.”